बाबांचं नाव कागदावर हवं

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): माझं माहेर चंद्रपूरचं, सासर पुण्याचं, वय ४१. बाबा ७५ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांची निम्मी नोकरी ताडोबाच्या जंगलालगत, मोहर्लीकडच्या गावांत झाली. पौषात आईला घेऊन ते बैलगाडीने ताडोबाच्या जत्रेला जायचे. आई जाऊन दोन वर्षं झाली. येत्या जानेवारीसाठी मी मोहर्ली गेटची सहा जणांची सफारी काढली: आम्ही दोघं, दोन मुलं, दादा आणि वहिनी. बाबांना विचारलं तर ते उखडले, "माह्याच जंगलात जायाले मी पैसे कायले देऊ?" आता दादाला रजा मिळत नाही आणि परवा बाबा आपणहून म्हणाले, "चल, येतो." परमिटवर नाव मात्र दादाचं आहे. मामेभाऊ म्हणतो, बाबांना दादाच्या नावावर बसव, गेटवर माझी ओळख आहे. नाहीतर परमिटच नको, एका साहेबांची गाडी आत जाते, तिच्यातून नेतो. माझे यजमान म्हणतात, एवढे पैसे घातलेत तर वाघ दिसलाच पाहिजे, काय करायचं ते करू. सख्ख्या मुलाच्या जागी बाप बसला तर ती फसवणूक कशी? आणि बाबांचं म्हणणं तरी चूक आहे का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या खेपेला नजर अडकली ती बाबांच्या "चल, येतो"वर. एकदा उखडलेला माणूस काही आठवड्यांनी आपणहून तयार होतो, तेव्हा मधल्या काळात त्याच्या मनात बरंच काही होऊन गेलेलं असतं. ज्या वाटेवरून आईला गाडीत बसवून नेलं ती वाट त्यांना एकदा डोळ्यांनी पाहायची असेल. मामेभावाच्या दोन्ही युक्त्यांना मी नाही म्हणणार आहे. पण बाबांनी या जानेवारीत ताडोबा पाहावं असं मलाही तुमच्याइतकंच वाटतं, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी नावाचा प्रश्न. परमिट दिसतं तिकिटासारखं आणि तिथेच आपली गफलत होते. नाटकाच्या तिकिटावर खुर्चीचा नंबर असतो. त्या खुर्चीत तुम्ही बसा नाहीतर तुमची बहीण बसो, थिएटरला फरक पडत नाही. राष्ट्रीय उद्यानाचं परमिट माणसाला दिलेलं असतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं २७ वं कलम सांगतं की परवान्याशिवाय आत कोण जाऊ शकतं: कामावर असलेला सरकारी नोकर, आत राहायची परवानगी असलेला माणूस, आत ज्याची स्थावर मालमत्ता आहे तो, सार्वजनिक रस्त्याने पलीकडे जाणारा वाटसरू, आणि यांतल्या पहिल्या तिघांवर अवलंबून असलेली माणसं. बाकी सगळ्यांनी परवाना घ्यायचा. तो कोणत्या कारणांसाठी मिळतो ते २८ व्या कलमात आहे: अभ्यास, संशोधन, छायाचित्रण, आत राहणाऱ्याशी कायदेशीर व्यवहार आणि पर्यटन. हे नियम अभयारण्यासाठी लिहिलेले असले तरी राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहेत. म्हणजे तुम्ही आम्ही जिप्सीत, सफारीच्या त्या उघड्या गाडीत, बसतो तेव्हा "अमुक माणूस अमुक कारणासाठी अमुक वेळी जंगलात आहे" अशी नोंद झालेली असते. म्हणूनच बुकिंग करताना ओळखपत्राचा क्रमांक मागतात आणि गेटवर मूळ ओळखपत्र पाहतात. आत गाडी बंद पडली, मधमाश्या उठल्या, कुणाची तब्येत बिघडली, तर बाहेरच्या माणसाच्या हातात तेवढा एकच कागद असतो. त्यावर तुमच्या पंचाहत्तरीच्या वडिलांच्या जागी पन्नाशीच्या आतल्या दादाचं नाव असेल, तर त्या क्षणी बाबा जंगलात नाहीतच.

तुम्ही विचारता ही फसवणूक कशी. दादाला हरकत नाही, बाबांनाही नाही, मग फसलं कोण? ज्याला ओळख पाजळता येत नाही तो. एखाद्या फेरीला मोहर्लीतून ठरावीकच गाड्या सुटतात आणि हा आकडा कुणी मनाने ठरवलेला नसतो. २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं, म्हणजे कोअरमधलं, पर्यटनच थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यानंतर ते पुन्हा सुरू झालं. त्या तत्त्वांनुसार गाभ्याच्या २० टक्क्यांहून जास्त भाग पर्यटनाला देता येत नाही. गाड्या किती सोडायच्या याचं गणितही तिथेच दिलं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. आधी फिरण्याजोग्या रस्त्यांची लांबी धरायची. एका गाडीची धूळ दुसरीवर येऊ नये म्हणून दोन गाड्यांत अर्धा किलोमीटर अंतर धरायचं. दिवसात किती फेऱ्या बसतात ते पाहायचं. आलेल्या आकड्यातून मग वजावट सुरू होते: मातीचे रस्ते किती झिजतात, प्राण्यांना, विशेषतः त्यांच्या विणीच्या काळात, किती त्रास होतो, कोणते रस्ते काही काळ बंद ठेवावे लागतात. शेवटी पाहायचं, की एवढ्या गाड्यांवर लक्ष ठेवायला माणसं तरी आहेत का. तिथे आकडा आणखी खाली येतो. एवढं सगळं वजा झाल्यावर जी उरते ती तुमची जिप्सी.

साहेबांची गाडी या हिशेबाच्या बाहेरून आत शिरते. ती एकटीच शिरली तर जंगल कोसळणार नाही, हे खरं. पण प्रत्येक गावात एक मामेभाऊ आहे आणि त्या प्रत्येकाची कुठल्या तरी साहेबाशी ओळख आहे. परवान्याशिवाय आत जाणं हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासापर्यंतची शिक्षा आहे, तेही सांगून ठेवते. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातल्या गुन्ह्यांकडे कायदा अधिकच कडकपणे पाहतो. आयुष्यभर मुलांना शिस्त लावलेल्या गुरुजींना गेटवर कुणी उतरवून जाब विचारला, तर तो प्रसंग पुसता येईल का, याचा विचार करा.

ओळखीचा भार शेवटी कुणावर पडतो हे मला एकदा जवळून कळलं. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका जंगलात सकाळची फेरी संपत आली होती आणि काही दिसलं नव्हतं. डावीकडे एक फाटा होता, त्यावर आडवं लाकूड टाकलेलं. चालक म्हणाला, "ताई, हा रस्ता बंद आहे." मी हट्ट धरला. लाकूड बाजूला करा, पाच मिनिटं जाऊन येऊ, वर पैसे देते, असं सगळं बोलले. गाइड पोरगेला होता, त्याला नाही म्हणता आलं नाही. आत काहीच दिसलं नाही, आम्ही परत आलो आणि संध्याकाळच्या गाडीने मी घरी. पुढच्या वर्षी तिथे गेले तेव्हा मुक्कामाच्या ठिकाणच्या स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं, की चाकांच्या खुणांवरून ते पकडलं गेलं आणि त्या दोघांना पंधरा दिवस काम नव्हतं. ऐन हंगामातले पंधरा दिवस. माझ्या घरी त्या पंधरा दिवसांत काहीही बदललं नव्हतं. मला ते कळायलाही वर्ष लागलं.

हीच गोष्ट सगळ्यांना दिसेल अशी घडली ती ३१ डिसेंबर २०२४ ला. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवलं. चित्रफिती पसरल्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइड निलंबित झाले. आता तुमच्या यजमानांचं वाक्य आठवा: "वाघ दिसलाच पाहिजे." त्या दिवशी प्रत्येक गाडीत हे वाक्य कुणीतरी बोललं असणार. म्हणणारे घरी गेले. ज्यांनी ऐकलं त्यांची रोजी गेली.

यजमानांना हे रागावून सांगू नका. पैसे मोजले की बदल्यात काहीतरी हातात पडावं, हा विचार अगदी साहजिक आहे. त्यांना एवढंच समजवा, की त्या पैशांत वाघाची किंमत धरलेलीच नाही. तुम्ही भरलेल्या रकमेत प्रवेशशुल्क असतं, जिप्सीचं भाडं असतं आणि गाइडचं मानधन असतं. भाडं गाडीवाल्याला जातं, मानधन गाइडला, आणि हे बहुतेक सगळे आजूबाजूच्या गावांतले आहेत. अलीकडे त्यात बायाही आहेत, ताडोबात गाइड म्हणून आणि जिप्सीच्या चाकामागेही. प्रवेशाच्या पैशांसाठी प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाचं स्वतःचं प्रतिष्ठान असावं अशी तरतूद २००६ च्या दुरुस्तीने कायद्यात आली, जंगलाचा पैसा जंगलासाठी आणि भोवतालच्या गावांसाठी वापरता यावा म्हणून. आणखी एक सांगते. आपण जिथे जिप्सीत बसून जातो तिथे वनरक्षक पायी फिरतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेली एक महिला वनरक्षक ताडोबात कोलाऱ्याकडच्या भागात वाघिणीच्या हल्ल्यात गेली. शुल्क जास्त वाटलं की मला ती आठवते.

तरीही शुल्क जास्त आहे, हे मी नाकारत नाही. शनिवार-रविवारी तर ते आणखी चढतं. चार जणांच्या साध्या कुटुंबाला एका फेरीसाठी महिन्याचं बजेट हलवावं लागतं. जिल्ह्यातल्या शाळांसाठी आणि बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांसाठी वेगळ्या, खऱ्या अर्थाने स्वस्त फेऱ्या भरपूर हव्यात, असं माझं ठाम मत आहे. ते मी इथे लिहिते, तुम्हीही व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांना लिहा. मागणी मांडायची ती पत्राने, सही करून.

आता बाबांचं म्हणणं. "माह्याच जंगलात" या शब्दांना घरात कुणी हसलं असेल तर हसू नका. पण त्या वाक्याच्या दोन बाजू आहेत आणि बाबा शिक्षक आहेत, त्यांना दोन्ही ऐकायला आवडतील.

एक बाजू अशी, की हे जंगल त्यांच्या आठवणीत आहे तितकं मोकळं कधी नव्हतं. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. तुम्ही सांगितलेल्या वयावरून पाहिलं तर बाबा तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांचे असतील. त्याआधी इंग्रजांच्या मध्य प्रांतात जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत आणि साहेबलोक परवाना काढून, पैसे भरून शिकार करत. त्याच जंगलात गावकऱ्याने लाकूड तोडलं तर त्याला दंड. म्हणजे परवाना आणि पैसे हे दोन्ही जुनंच आहे. फरक पडला तो इतकाच की तेव्हा ते मारण्यासाठी भरायचे आणि आता पाहण्यासाठी. मला हा फरक फार मोठा वाटतो.

दुसरी बाजू बाबांच्या पक्षाची आहे आणि ती जड आहे. ज्या तारू देवावरून ताडोबा हे नाव पडलं, तो गोंडांचा देव. कथा अशी, की तारू गावचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना तो गेला. तळ्याकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौषातली जत्रा त्याचीच. ज्यांचा देव आत आहे त्यांचीच गावं बाहेर आली: बोटेझरी, नवेगाव, जामणी. वाघ वाढले त्याचा आनंद आपण पुण्यात बसून करतो. पण मार्चमध्ये मोहफुलं वेचायला आणि मेमध्ये तेंदूपत्ता तोडायला जाणारी बाई रोज जीव मुठीत धरून जाते, आणि चंद्रपूर जिल्ह्यात असं एकही वर्ष जात नाही की अशा बातम्या आल्या नाहीत. त्या माणसांनी "आमचं जंगल" म्हटलं तर त्यांना परमिटची भाषा ऐकवणं मला जमणार नाही. बाबांनी त्या गावांत मुलं शिकवली. त्यांच्या रागात त्या विद्यार्थ्यांचाही थोडा राग मिसळला असेल. त्यांना विचारून पाहा. कदाचित पैसे हा त्यांचा मुद्दाच नसेल.

आणि म्हणूनच मला दादाचं नाव खटकतं. जो माणूस म्हणतो की हे जंगल माझं आहे, त्याने तिथे दुसऱ्याच्या नावाने, मान खाली घालून, ओळखीच्या माणसाने डोळा चुकवल्यावर शिरायचं? त्यांचा हक्क तुम्हाला खरंच मान्य असेल तर गेटवरच्या यादीत त्यांचं स्वतःचं नाव असलं पाहिजे. गाइडने ते मोठ्याने वाचलं पाहिजे आणि गुरुजींनी "हो, मीच" म्हटलं पाहिजे.

ते कसं करायचं, ते सांगते. दादाची जागा रिकामी राहू द्या. त्याचे पैसे बुडाले असं समजा आणि त्यावर घरात चर्चा नको. तुमची ठरलेली फेरी यजमान, मुलं आणि वहिनी यांनी करावी. तुम्ही स्वतः त्या गाडीत बसायचं की नाही, हे बाबांची फेरी कधी मिळते त्यावर ठरवा. बाबांसाठी वेगळी फेरी शोधायची ती आधी बफरमध्ये. मोहर्लीच्याच बाजूला जुनोना, देवाडा, अगरझरी ही बफरची गेट आहेत. खूपजणांच्या डोक्यात बसलं आहे की कोअर म्हणजे खरं जंगल आणि बफर म्हणजे उरलंसुरलं. वाघाला ही रेघ ठाऊक नाही. ताडोबाचा कोअर सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे आणि बफर त्याहून बराच मोठा, अकराशे चौरस किलोमीटरच्या आसपास. बाबांच्या शाळा ज्या गावांत होत्या ती गावं तर बफरमध्येच असणार. जिप्सीचं भाडं सगळ्या गाडीचं असतं, माणशी नसतं, म्हणून दोघांनीच जाण्यापेक्षा चंद्रपुरातले बाबांचे दोन-तीन जुने सहकारी बरोबर घ्या. खर्च वाटला जाईल आणि बाबांना गप्पांना सोबत मिळेल. पुण्याच्या नातवंडांपेक्षा त्या वाटेवर त्यांना ही सोबत जास्त गोड लागेल.

कोअरच हवा असेल तर तात्काळच्या जागा ऐनवेळी खुल्या होतात, तिथे नशीब आजमावा. मधला वार धरा, पण मंगळवार सोडून, मंगळवारी ताडोबा बंद असतं. आणि तळ्याकाठच्या ठाण्याचं दर्शन ही बाबांची खरी इच्छा असेल, तर पर्यटकाच्या रांगेत उभं राहून ती पूर्ण करायचा प्रयत्न करू नका. जिप्सीतून मनाला येईल तिथे उतरता येत नाही. त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे साध्या कागदावर अर्ज करा: बाबांचं वय, त्या भागातली नोकरी, पौषातली जुनी वारी, सगळं लिहा. अर्ज बाबांनीच स्वतःच्या अक्षरात लिहिला तर उत्तम. होकार येईलच असं नाही. पण हा प्रश्न विचारायची जागा ती आहे, गेटवरचा ओळखीचा माणूस नव्हे.

पंचाहत्तरीच्या माणसासाठी काही बारीकसारीक गोष्टी. जानेवारीत पहाटेची फेरी म्हणजे उघड्या गाडीत बोचरी थंडी. घोंगडी, कानटोपी आणि गरम पाण्याचा थर्मास असू द्या. फेरी चार-एक तासांची, रस्ता कच्चा, आणि लघवीला मध्येच कुठेही थांबता येत नाही. त्यामुळे लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना वेळ विचारून घ्या. मागची वरची सीट मुलांना आवडते, पण हादरे तिथेच जास्त. बाबांना पुढच्या रांगेत बसवा. कंबरेचं दुखणं असेल तर दुपारची फेरी सोसेल. फोन आत नेता येत नाही, तो आधीच खोलीवर ठेवा म्हणजे गेटवर घोळ होत नाही. आणि फोन नाही म्हणून हळहळू नका. चार तास लेकीने वडिलांशेजारी काहीही न पाहता बसायचं, असा योग आजकाल कुठे येतो?

त्या चार तासांत वाघ दिसेल की नाही, मला माहीत नाही. पण मोहर्लीकडून आत जाताना रस्त्याकडेला ओळीने दगडी खांब लागतात, गोंड राजांच्या काळातले. बाबांना त्यांच्याबद्दल विचारा. पांढुरक्या सालीचा, चांदण्यात भुतासारखा दिसणारा कांडोळ कुठला, मोह कुठला, ऐन कुठला, हे त्यांना मुलांना दाखवू द्या. चितळाने इशारा दिला की गाइडच्या आधी बाबाच मान वळवतील, बघा. आणि वाघ समोर आलाच, तर गाडी वाघापासून निदान २० मीटर आणि दुसऱ्या गाडीपासून ५० मीटर दूर असली पाहिजे, हा नियम यजमानांच्या कानावर निघण्यापूर्वीच घाला. म्हणजे "अजून थोडं पुढे घ्या" हे शब्द त्यांच्या तोंडून येणार नाहीत.

बफरचीही फेरी मिळाली नाही तर? तर अगरझरीचं फुलपाखरू उद्यान पाहा, इरई धरणाच्या पाण्याकाठी बसा, जुनोन्याच्या तळ्यावर जा. मोहर्लीच्या वेशीवर चहा घ्या. बाबांचा एखादा विद्यार्थी तिथे नक्की भेटेल, कदाचित तोच जिप्सी चालवत असेल.

अशीच कोंडी घेऊन इतर वाचकही लिहितात, त्यांच्यासाठी दोन शब्द. वासोट्याला जाणाऱ्या पोरांनो, बामणोलीतून शिवसागर जलाशय ओलांडला की तुम्ही सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात असता. वन खात्याची परवानगी घेऊन जायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. किल्ला महाराजांचा आहे हे खरं, पण तेवढ्याने रात्री वर शेकोटी पेटवायचा अधिकार मिळत नाही. बोरिवलीच्या उद्यानातून कान्हेरीला जाणारे दोनदा पैसे का द्यायचे म्हणून चिडतात. कारण सोपं आहे: उद्यान वन खात्याचं आणि लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची. परदेशी पासपोर्टवर येणाऱ्या आपल्या माणसांना विदेशी पर्यटकाचा दर लागतो. मात्र ज्यांच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे त्यांना राष्ट्रीय उद्यानांच्या प्रवेशशुल्कात भारतीयांइतकाच दर लावावा, असं केंद्र सरकारच्या अधिसूचनेतच आहे. बुकिंगच्या वेळीच ते कार्ड पुढे करा. आणि बुकिंग करताना संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट सरकारी (gov.in) आहे ना, हे पाहिल्याशिवाय कुणालाही पैसे पाठवू नका. ताडोबाच्या नावाने दुकानं थाटणारे पुष्कळ आहेत.

मामेभावाला दुखवू नका. त्याला खरंच मदत करायची आहे, तर चंद्रपुरात बाबांचे जुने सहकारी शोधायचं काम त्याच्यावर सोपवा. असल्या कामात ओळखी उपयोगी पडतात.

आज रात्री बाबांना फोन करा. सांगा, "बाबा, तुमच्या नावाने वेगळं परमिट काढते आहे." पैशांचा विषय काढला तर म्हणा, हे आईकडून. आणि फोन ठेवण्यापूर्वी आधार कार्डावर त्यांचं नाव नेमकं कसं आहे, ते अक्षरन् अक्षर विचारून लिहून घ्या. त्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर एक, पेन्शनच्या कागदावर दुसरं आणि आधारवर तिसरं असं पुष्कळांचं असतं, आणि गेटवर जुळवून पाहतात ते आधारवरचं.